मुक्या विटा

११ जानेवारी १९३९

भिकुबाईचं तेरावं झालं. लाकडं, गोवऱ्या, तूप, दक्षिणा, भाऊबंदांचं जेवण — मिळून एकशे बेचाळीस रुपये. पोराने, सुकदेवने, हिशेब पुढे ठेवला, मी अंगठा नाही, सही केली. बायकोला माझ्या सहीचं फार कौतुक असायचं.

खरा खर्च त्या कागदात कुठेच नाही. पानाचा डबा ओट्यावर तसाच आहे, कात वाळून गेला. सकाळपासून कुणी 'आयका का?' म्हटलेलं नाही. घर मुकं झालं. याचे किती लावायचे?

ही बाई आयुष्यात कधी गप्प बसली नाही. शेवटी शेवटी तर फारच! समोरचा माणूस बोलून थांबला की लगेच ही त्याचंच बोलणं माझ्या कानाशी पुन्हा — 'आयका का, त्या म्हनतस, उरेल पैसा दिवाळीले देसूत.' मी चिडायचो. अगं, मला कान आहेत! ती पदर तोंडाला लावून हसायची.

सांगायला आता ती नाही, म्हणून या वहीला सांगतो.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ नाही.

१९ जानेवारी

लोक माझ्यापुढे हळू बोलायला लागलेत. दुःखाचा मान ठेवतात. गिऱ्हाईक, गवंडी, सगळे ओठातल्या ओठात. सूनबाई प्रमिला पूर्वी दारातून विचारायची — चहा टाकू का नाना? आता काही न विचारता पेला बाजूला ठेवून जाते. पोरगी समजूतदार आहे. पण इतकी शांतता सोसवत नाही.

पेढीवरचं घड्याळही ठोके देईना. सुकदेवला म्हटलं, दुरुस्तीला टाक. तो माझ्याकडे बघतच राहिला.

२३ जानेवारी

घड्याळवाला म्हणतो, काही बिघाड नाही! आणि वर आठ आणे मागतो. दिले. वाद घालायची ताकद नाही.

ठोके अजून नाहीतच.

३ फेब्रुवारी

सुकदेवने नवी पाटी रंगवून आणली. 'झुलाल पुना आणि मंडळी, घरबांधणीचे ठेकेदार, जळगाव. स्थापना १९०६.' स्थापना! त्या साली मी शिंदखेड्याहून एक घमेलं आणि भिकुबाई घेऊन आलो, त्याला स्थापना म्हणायचं. घमेलंसुद्धा तिच्या माहेरचं.

मी भिंत चढवायचो, ती खालून विटा द्यायची. वीट विटेवर ठोकायची — खणकन वाजली तर भिंतीत, बद्द वाजली तर बाजूला. जी वाजतच नाही ती मुकी. मुकी वीट पावसाळ्यात विरघळते, आणि ठेकेदाराचं नाव तिच्याआधी विरघळतं. शिकवलं कुणी नाही. भिकुबाई तर डोक्यावरचं टोपलं उतरवतानाच सांगायची, 'यामा दोन बद्द शेत.' निघायच्याही दोनच!

आज गावात रिवाजच पडलाय. मेहरूणला सत्तारची भट्टी उघडली की पहिल्या तीन विटा मी वाजवायच्या. बाकीचे ठेकेदार छत्र्या टेकून उभे. मी 'घ्या' म्हटलं की भाव फुटतो. साहेबाची पदवी घेतलेले ओव्हरसियरसुद्धा विचारतात, नाना, वीट काय म्हणते?

हे लिहून ठेवतो, फुशारकी वाटली तर वाटो — गेल्या दहा-बारा वर्षांत या कानांनी पास न केलेली एक वीटही आमच्या भिंतीत गेलेली नाही. सुकदेव नकाशे काढील, कर्ज काढील. हे कान कुठून काढणार?

दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनिंगचं काम लागलं तेव्हा म्हातारीला एकदम हौस आली — 'मी बी येस.' मी म्हटलं, सून आली, घरात जीव रमत नसेल. तेव्हापासून जिथे मी, तिथे ती. भट्टीवर लिंबाखाली उलट्या घमेल्यावर बसायची, पान लावत. मी वीट वाजवायचो आणि एकदा तिच्याकडे बघायचो. सवय, देवाकडे बघावं तशी. कधी ती ओठ मुरडायची, कधी पान तोंडात टाकायची. गवंडी आपसांत हसायचे — म्हातारा अजून बायकोवरून नजर काढत नाही!

हसोत बापडे.

१२ फेब्रुवारी

सत्तारची भट्टी उघडली. चुडामणशेठच्या बंगल्याला ऐंशी हजार वीट लागायची. शेठ कापसाचा व्यापारी, भाव करण्यात माझा बाप. म्हणून मी मुद्दाम लवकर गेलो.

माल दिसायला लाल, कोरा, कडा धारदार. सत्तार खुशीत होता. याचा बाप नूर महंमद आणि मी एका ताटात जेवलेलो. मोहरम सरला की रईसाचं, त्याच्या थोरलीचं, लग्न. सगळा पैसा या भट्टीत अडकलेला, हे अख्ख्या मेहरूणला ठाऊक.

पहिली वीट उचलली. ठोकली. काही नाही.

लिंबाकडे बघितलं. घमेलं नव्हतं, कुणी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, तसाच वळलो.

दुसरी. तिसरी. भट्टीच्या पोटातून काढायला लावून आणखी चार. बद्दसुद्धा नाही! मुक्या. सत्तार हात जोडून पुढे आला, तोंडाशी तोंड आणून — 'नाना, फिरसे बजाव! एक बार!' वाजवली. नाहीच.

मी मान हलवली. ठेकेदारांनी छत्र्या उचलल्या. एकानेही स्वतः वीट वाजवून पाहिली नाही. झुलालनानांनी मान हलवल्यावर कोण वाजवतो?

नूर महंमदच्या पोराला नाही म्हणताना जीव तुटला. पण वीट नातं बघत नाही.

१३ फेब्रुवारी

सुकदेव माझ्यावर ओरडला. बापावर! पेढीवर, मुनिमासमोर! 'नाना, ईटा चांगल्या शेतस! बठ्ठ्या वाजतस!' म्हणे सगळ्या वाजतात! गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या.

मी शांतपणे विचारलं, सत्तारने किती दिले?

तोंडातून गेलं ते गेलं. पोरगा पांढरा पडला. मग काहीतरी बोलला, अगदी हळू. ते मला कळलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

२ मार्च

भुसावळकडची वीट मागवली. मुकी.

९ मार्च

सत्तार आणि त्याची बायको ताजबी आले. ओट्याखालीच बसले. वर या म्हटलं तरी नाही. सत्तारने फडक्यातून एक वीट काढून माझ्यापुढे ठेवली, पोर ठेवावं तशी. ताजबी पदराआडून बोलत राहिली, ओठ हलत होते. शोकाच्या घरात बाई मोठ्याने कशी बोलेल? मी आपला मान डोलवत होतो. कुठे डोलवायची न् कुठे नाही, ते भिकुबाई असती तर...

एवढं मात्र दिसलं की माझ्या मान डोलवण्याने ताजबीचा चेहरा खुलला. मग मी म्हटलं, वीट मुकी आहे, माझा इलाज नाही. दोघं माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी एका हाताने देऊन दुसऱ्याने हिसकावलं.

जाताना वीट ठेवून गेले.

२२ मार्च

काल पाडवा. गुढी उभारायची नव्हतीच, वर्ष सुतकी. सुकदेव बायको-पोराला इथे ठेवून दोंडाईच्याला गेला. तिथल्या एका ठेकेदाराकडे पगारावर राहणार. स्वतःची पाटी असलेला पोरगा, दुसऱ्याच्या पाटीखाली! निघताना पाया पडला.

चुडामणशेठने बंगल्याचं काम काढून घेतलं. निरोप आणणारा माणूस हसत होता. म्हणाला असेल काही — मीही हसलो. नंतर मुनिमाने पाटीवर खडूने लिहून दाखवलं. अलीकडे मुनीमही बोलायचा कंटाळा करतो.

५ एप्रिल

तिसऱ्या भट्टीचा माल आला. मुका! अरे, या वर्षी खानदेशची माती मेली की काय? तापीकाठची मुकी, मेहरूणची मुकी. एका सालात बठ्ठ्या भट्ट्या?

सत्तारने सगळी भट्टी अर्ध्या भावाने रस्त्याच्या भरावाला दिली म्हणे. लाल, कोरी, धारदार वीट, बैलगाड्यांच्या चाकांखाली.

८ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहितो.

मागच्या अंगणात हौदाशेजारी बुटकी भिंत आहे. ती आमची पहिली. स्वतःसाठी बांधलेली, एकोणीसशे सहाची. भिकुबाईने डोक्यावरून विटा आणल्या, मी लावल्या. कोपऱ्यातली एक वीट सैल असते, पोरं काढतात-घालतात. मी तिला ओळखतो. घंटेसारखी वाजायची. सुकदेव लहानपणी तीच वाजवत बसायचा, ही ओरडायची, 'कान किटनात रे!'

सहज काढली. सत्तारची वीट कुणीतरी ओट्यावरून तिथेच आणून टाकली होती, तिच्यावर ठोकली.

काही नाही.

पुन्हा ठोकली. जोराने. वर बघितलं तर ओसरीतल्या पाळण्यात सुकदेवचं पोर दचकून उठलेलं. तोंड उघडं, डोळे मिटलेले, गाल लाल. रडत होतं. मोठ्याने रडत असणार. प्रमिला धावत आली, एक हात पोरावर, एक कानावर.

मी आणखी एकदा ठोकली, मुद्दाम. पोराने पुन्हा अंग चोरलं.

विटा खाली ठेवल्या. दोन्ही शेजारी शेजारी.

मग प्रमिला जवळ येऊन बसली. माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली — सासऱ्याच्या कानात सून ओरडते, बिचारीला किती लाज वाटली असेल — 'नाना, घड्याळ ठोके देतं हो. रोज देतं.'

१० एप्रिल

मेहरूणला गेलो. एकटा. भट्टीची जागा सपाट, राख उडते आहे. सत्तार मालेगावला मागावर मजुरीला गेलाय. रईसाचं लग्न मोडलं नाही, पुढे गेलं. पुढे म्हणजे कधी, ते कुणी सांगत नाही.

ताजबीला म्हटलं, वीट चांगली होती. मी बहिरा आहे. हे दोनदा म्हटलं, कारण माझा आवाज केवढा निघतो ते मला कळत नाही. मोठा निघाला असावा. शेजारच्या बाया दारात आल्या.

ताजबीने पाणी दिलं. काही बोलली. मी तिच्या ओठांकडे बघत होतो, पण ओठ वाचायला मला येत नाही. एकीचेच येत होते.

पुढच्या सालची माती, कोळसा, मजुरी मी भरणार. भट्टी सत्तारची, पहिली वीट वाजवणार सुकदेव. दोंडाईच्याला पत्र टाकलं. त्यात माफी हा शब्द तीन ठिकाणी आला, दोन खोडले.

१४ एप्रिल

रात्रभर एकच विचार. कान कधी गेले? हिशेब सोपा आहे — भिकुबाई गेली आणि हे गेले. ऐन पौषात, तिच्या चितेबरोबर. धक्क्याने जातात म्हणे माणसाचे कान. माझ्या मामाची वाचा अशीच गेली होती.

म्हणजे सत्तारवरचा एक अन्याय माझ्या माथी, तो फेडीन. पण त्याआधीचं सगळं खरं! दोंडाईच्याची जिनिंग, धुळ्याची धर्मशाळा, इथली शाळा, पास केलेली एकूण एक वीट या कानांची. तेवढं माझं माझ्यापाशी राहिलं. पाटीवर नाव ठेवायला तेवढं पुरे.

प्रमिलाने कळण्याची भाकरी केली होती. बऱ्याच दिवसांनी दोन खाल्ल्या.

२१ एप्रिल, धुळे

सुकदेव आला. दोंडाईच्याच्या गाडीतून उतरून थेट घरी. माझा दंड धरला, आणि इथे आणलं. कानाचे डॉक्टर चांगले आहेत म्हणतात. उद्या दाखवायचं.

२२ एप्रिल, धुळे

डॉक्टरने कानाशी नळी धरून ओरडून सांगितलं. धक्क्याने गेलेले नाहीत. हळूहळू गेलेत. विटेचा आवाज ऐकू येणं बंद होऊन निदान सहा वर्षं झाली असतील.

सहा वर्षांपूर्वी आम्ही दोंडाईच्याची जिनिंग बांधत होतो. तेव्हाच म्हातारी म्हणाली होती — 'मी बी येस.'