वीतभर उघडा खडक

१३ जानेवारी १९५६

आज एकदाचा खडक खरवडला! प्रभादेवीच्या किनाऱ्यावरचा, शेवाळानं गच्च झाकलेला. अमावास्येची ओहोटी, म्हणून पार खालपर्यंत उघडा पडला होता. निम्म्या भागाला हात लावला नाही. उरलेल्या निम्म्यावर तळहाताएवढी वीस बेटं राखली, मधलं शेवाळ काढून टाकलं — दोन बेटांमध्ये वीतभर उघडा खडक. आता शेवाळातल्या बारीक जीवांचं काय होतं, ते दर पंधरवड्याला मोजायचं. एम.एस्सी.चा प्रबंध यावरच.

पलीकडे जाईबाई कोळीण कालवं फोडत होती. "नखाएवढ्या किड्यांची शिरगणती कशाला गो बाय?" 

घरी आल्यावर अच्युत — "ताई, किड्यांची भाषावार प्रांतरचना केलीस की काय!" आईसुद्धा हसली. बाबा गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, पण माझ्या या धाकट्या भावाचा आवाज एकटा दहा जणांचा.

१६ जानेवारी

रेडिओवर जाहीर झालं. मुंबई केंद्राकडे. महाराष्ट्राला नाही! सगळी गल्ली खाली उतरली. अच्युत जेवला नाही.

१९ जानेवारी

परवा अच्युत गेला. ठाकुरद्वारच्या नाक्यावर, गोळीबारात. गळ्याखाली लागली.

काल संचारबंदीतच नेलं. मोजकी माणसं.

२८ जानेवारी

ओहोटी होती म्हणून गेले. आईनं कुठे चाललीस विचारलं नाही.

अखंड भागात अकरा जाती. बेटांवर सात. उड्या मारणारे, कवचाचे किडे आहेत तेवढेच — भरतीच्या पाण्यातून ते इकडचे तिकडे जातात. तांदळाएवढ्या गोगलगायी मात्र घटल्या. त्या उघडा खडक ओलांडत नाहीत. बेटाच्या कडेला शेवाळ सुकतं, तिथेच सुकतात.

जाईबाई म्हणाली, "तुजा भाव गेला ना गो? मंग घरी बस की."

"मोजायचं राहिलंय," म्हटलं.

ती जवळ येऊन बसली आणि तिथेच कालवं फोडत राहिली.

३ फेब्रुवारी

आई ताट वाढते. मी जेवते. ताट घासते. दिवस जातो.

१२ फेब्रुवारी

किनाऱ्याला बांध घालायला सुरुवात झाली आहे. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही — मोठाले दगड आणून ओतलेत. विसांतली नऊ बेटं खाली गाडली गेली. अखंड भागाचाही एक कोपरा.

प्रबंधाचे सर म्हणाले, "दुसरा खडक शोधा. वर्ष फुकट घालवू नका." हो म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं. उरलेली अकरा मोजली. गोगलगायी फक्त चार बेटांवर.

१८ फेब्रुवारी

मनमोहन आला होता. अच्युतचा शाळेपासूनचा मित्र, आता समितीचं काम करतो. उद्या शोकसभा आहे. "मावशी, अच्युत कुठल्या मोर्चात होता? सभेत सांगायला हवं."

आई उठून आत गेली.

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

ठाऊक आहे! कुठल्याच मोर्चात नव्हता. माझ्या नमुन्यांच्या काचेच्या नळ्या संपल्या होत्या. गिरगावातल्या दुकानात मिळतात. "आज नको गं ताई, दोन दिवसांनी आणतो," म्हणाला होता. मी म्हटलं, "ओहोटी थांबते का रे तुझ्यासाठी?" चेष्टेत नाही — चिडून. तो चपला घालून निघाला. आई तेव्हा मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिनं ऐकलं नाही.

महिना झाला. कुणाला सांगितलं नाही. इथेही लिहिलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी

शोकसभा झाली. अच्युतच्या फोटोला हार. लोक माझ्याकडे बघून हात जोडत होते. मीही जोडले.

मनमोहन व्यासपीठावरून म्हणाला, "आमचा अच्युत मुंबईसाठी गेला!" टाळ्या नव्हत्या, घोषणा होत्या. आई समोर बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. माझ्याही नसावं.

२१ फेब्रुवारी

लिहिल्यावर काही होईल असं वाटलं होतं. काही झालं नाही.

२६ फेब्रुवारी

किनाऱ्यावर गेले नाही. आईला सांगितलं — त्या दिवशी मीच त्याला पाठवलं.

ती कणीक मळत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "ठाऊक आहे गं. मागच्या जिन्यानं परत आला होता तो. मला म्हणाला, खाली गडबड आहे, जाऊ की नको? मीच म्हटलं — जा, ताईचं काम अडेल."