पोळीवर संशय

२२ जून २००६, राळेगाव
जिनिंग बंद, पोट चालू. सकाळपासून येरझाऱ्या. कुठल्या एसटी स्टँडवरचा संडास बरा, या विषयात तालुक्यात माझ्याइतका जाणकार दुसरा नसेल. गावातल्या डॉक्टरांनी पुन्हा त्याच गोळ्या दिल्या. "टेन्शन आहे भाऊ. कापसाच्या भावानं सगळ्यायचंच पोट बिघडून राह्यलं." मी जिनिंगमधला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातला, ग्रेडर. कापसाची प्रत ठरवायची आणि शिव्या खायच्या. टेन्शन असेलही. पण जिनिंग बंद असतानाही? वजन उतरतंय, रक्त कमी. दुखण्याला एकदा नीट नाव मिळालं तरी पुरे.

७ जुलै
सौ.नी, म्हणजे कुंदाने, परस्पर देवीला कबूल केलं: चातुर्मासभर मी एकधान्य. फक्त ज्वारी. पोळी बंद, बिस्किटं बंद.
"मले न विचारता?"
"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं तुम्ही?"
बिनतोड. वर अट: "कोणाजवळ बोलू नोका. व्रत सांगितलं का फळ जाते."

१८ ऑगस्ट
पोट गप्प. चक्क गप्प! भाकर, झुणका, अंबाडीची भाजी, सगळं दाबून. पँट घट्ट व्हायला लागली. जिनिंगमधला जोडीदार नामदेव म्हणतो, "काय भाऊ, सासुरवाडीले गेलते काय?" नुसता हसलो. कुंदाचा तोरा विचारूच नये.

१९ सप्टें.
रक्त अजून कमीच, म्हणून कुंदाला घेऊन यवतमाळला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. मध्येच न तोडता माझं सगळं ऐकून घेणारं पहिलं माणूस. म्हणाल्या, काहींच्या आतड्याला गहू सोसत नाही. आयुष्यभराचं असतं. रक्त तपासू. तसं निघालं तर मुलीचंही तपासावं लागेल, हे घराण्यात चालतं.
इथे मात्र चरकलो. आमची चिमी वर्गात सगळ्यांत बुटकी. शाळेतून आली की पोट धरून बसते. आम्ही म्हणायचो, शाळेचा कंटाळा.
"सध्या काय खाता?" बाईंनी विचारलं. कुंदाने टेबलाखाली माझा पाय दाबला.
"घरचंच," मी म्हणालो.

३० सप्टें.
रिपोर्ट एकदम स्वच्छ. कुंदा खूश, "देवीनं बरं केलं." बाई मात्र कागद उलटसुलट करत बसल्या. मग माझं पोट दुखत होतं ते काय? आणि चिमीचं? राहवलं नाही. सांगून टाकलं, जुलैपासून गहू बंद आहे.
बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, गहूच पोटात नाही तर रक्तात खूण कुठून दिसणार!"
हुकूम: रोज पोळ्या खायच्या, दीड-दोन महिने, मग पुन्हा रक्त. डॉक्टरने पोळी लिहून दिलेला पेशंट मी पहिलाच असणार. परतताना एसटीभर भांडण. शेवटी तह. कार्तिकीपर्यंत देवीचं, पुढे बाईंचं.

५ नोव्हें.
पहिली पोळी, तूप लावून. अहाहा! दुपारी व्हायचं ते झालं. जिनिंग सुरू झालंय, बाहेर गाड्यांची रांग, भाव पडलेला, लोक तापलेले, आणि ग्रेडर गायब. नामदेव सगळ्यांना सांगत होता, "साहेब मीटिंगले गेले." दिवसभर मीटिंगाच मीटिंगा.

२६ नोव्हें., चंपाषष्ठी
नामदेवच्या शेतात रोडगे. गव्हाच्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरावर खरपूस भाजलेले, सोबत झणझणीत वांग्याची भाजी. "खा ना भाऊ, लाजता काहून?" लाजतो कुठे, डॉक्टरचा हुकूमच आहे. नंतर तुरीच्या आडोशाशी ओळख वाढली. तरी रोडगे म्हणजे रोडगे.

२७ डिसें.
निघालं! या वेळी रक्तात ठसठशीत निघालं. बाईंसमोर मोठ्यानं हसलो. कंपाउंडर बघतच राहिला, आजार सापडला म्हणून दात काढणारा माणूस. नाव आहे त्याला: सीलिअॅक. कुंदाने विचारलं, "म्हंजे टेन्शन नोयतं?" बाई म्हणाल्या, "नव्हतं." इतकी वर्षं गिळलेल्या त्या गोळ्या आठवल्या आणि फार राग आला. मग पुन्हा हसू आलं. आता नागपूरला दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढतील. तोवर पोळी चालूच.

१२ जाने. २००७
तुकड्याचाही रिपोर्ट आला. पक्कं झालं. आजपासून मला गहू कायमचा बंद. कुंदाचं म्हणणं, देवीनं जुलैतच सांगितलं होतं, डॉक्टरीणबाईले उशिरा समजलं.
चिमीची तपासणी पुढच्या आठवड्यात. कुंदाने सकाळीच कणकेचा डबा उचलून वर ठेवला. "पोरीलेही आजपासून भाकरच." मी डबा परत खाली काढला. बाईंनी बजावलंय, तपासणी पुरी होईपर्यंत पोरीची पोळी बंद करायची नाही. नाहीतर माझ्यासारखं खोटंच स्वच्छ निघेल.
"दुखते तिले. मालूम असून वाढू?" कुंदाच्या डोळ्यांत पाणी. तिने पोळ्या लाटल्या, पण वाढायला उठली नाही.
मीच वाढली. तूप जास्त घातलं. माझ्या ताटात भाकर पाहून चिमी म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी नाही उरली?"
"मले भाकरच आवडते."
खुशीत खाल्ली तिने. आणि आणखी अर्धी मागितली. दिली.