मडक्याच्या कडव्याला मी का उठलो

वेते मुक्कामी आदरणीय फकीमामा यांस,

भाचा मकामे याचा सलाम. मामा, आपले पाय धरतो. (हे सलामातलं नुसतं म्हणण्यापुरतं पाय धरणं नव्हे. समोर असतात तर खरोखर धरले असते आणि लवकर सोडले नसते.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? लवंगा उतरवून झाल्या, की पाऊस अजून अंगणात वाळत घालू देत नाही? आम्ही इकडे अल्लाच्या कृपेनं सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर रिझिकी खुशाल आहे, अस्या खुशाल आहे, मांजर खुशाल आहे. मी मात्र गेले चार दिवस खिडकीच्या झडपा लावून आत बसलो आहे. हातात जावयाच्या लग्नाची टोपी भरायला घेतली आहे, पण सुई टोपीत कमी आणि बोटात जास्त जाते. हा जावई होणार की नाही हेच आता सांगता येत नाही, म्हणून टाकेही जरा सैलच घालतो आहे.

झालं काय ते मुळापासून सांगतो, कारण मधूनच सांगितलं तर दोष माझाच वाटेल. आमच्या अस्याचं लग्न बी मिझेच्या मुलाशी, खतीबशी, ठरलं हे तुम्हाला माहीतच आहे. बी मिझेला तुम्ही पाहिलेलं नाही. आमच्या गल्लीत कुठलंही लग्न असो, बिर्याणीचं मडकं तिच्या हुकुमाशिवाय चुलीवर चढत नाही आणि उतरत नाही. बाई चालत आली की कोंबड्या वाट सोडतात. मी तिच्याशी आजवर चार वाक्यं बोललो असेन, त्यातली तीन सलामाची. मुलगी त्या घरी जाणार म्हणजे आपणही जन्मभर त्या बाईच्या नजरेखाली राहणार, हा विचार मला पहिल्याच दिवशी आला होता. पण खतीब पोरगा सोन्यासारखा आहे आणि अस्याला तो पसंत आहे, म्हणून मी गप्प बसलो. (मी एरवीही गप्पच बसतो, हे रिझिकीचं म्हणणं.)

लग्न ठरल्यावर रिझिकीच्या अंगात वेगळंच वारं शिरलं. एके दिवशी मासे साफ करता करता सुरी हातात तशीच धरून म्हणाली, “अहो, परदेशची माणसं विमानं करून येतात आणि आपलं गाणं ऐकतात, आपलं खाणं खातात. आपण एकतीस वर्षं इथे राहून काय पाहिलं? तुमची पाठ! तीपण वाकलेली!” टोप्या भरणाऱ्याची पाठ वाकलेलीच असणार, पण सुरी हातात असलेल्या बायकोशी वाद घालू नये एवढी अक्कल मला आहे. तेव्हापासून आम्ही दोघं जोडीनं मजा करायला जातो. मामा, मला मजेची फार भीती वाटते. मजेच्या ठिकाणी गर्दी असते, गर्दीत बायका असतात, आणि त्यातल्या निम्म्या रिझिकीच्या नात्यातल्या असतात.

पहिली मजा मकुंडुची गावात झाली, नव्या वर्षाच्या सणाला. तिथे उत्तरेकडचे पुरुष आणि दक्षिणेकडचे पुरुष केळीच्या खुंटांनी एकमेकांना बडवून वर्षभराचा राग काढून टाकतात आणि मग सगळे मिळून जेवतात. चांगली चाल आहे. रिझिकीचं आजोळ तिथलंच, म्हणून तिनं मला पुढे उभं केलं. मी दक्षिणेच्या बाजूला उभा होतो असं मला वाटत होतं. मग तिचाच एक मामेभाऊ, ज्याची टोपी मी तीन वर्षांपूर्वी बोटभर लहान शिवली होती, समोरून खुंट घेऊन आला, तेव्हा कळलं की मी उत्तरेला आहे. त्याचा राग पूर्ण निघाला. आता तो माझ्याशी फार प्रेमानं वागतो. माझा खांदा मात्र अजून वर जात नाही.

आता खरं ते सांगतो. गेल्या रविवारी दुपारी समुद्राकाठी खाण्याचा मेळा होता. बायकांनी घरून पदार्थ आणून मांडायचे आणि बी मिझेनं चमचा घेऊन फिरायचं. रिझिकीनं नारळाच्या रसातला ऑक्टोपस केला होता. मामा, तो ऑक्टोपस तिनं पहाटेपासून दगडावर आपटला होता. तो इतका मऊ झाला होता, की दात नसलेल्या माणसानंही दोनदा मागावा. बी मिझे आली, चाखलं, डोळे मिटले, उघडले आणि चारचौघींत म्हणाली, “चव आहे हो, नाही असं नाही. अस्याची काळजी नको करूस. आईकडून शिकायचं राहिलंय तेवढं मी शिकवीन तिला.” बायका हसल्या. रिझिकीचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी ऑक्टोपसकडे पाहिलं.

मी काय करणार होतो, मामा? मुलीची होणारी सासू, हातात चमचा, लग्नाला तीन आठवडे. बोलायची पाळी येऊ नये म्हणून मी तोंडात घास भरला. तो संपायच्या आत दुसरा भरला. असं करत करत मी तीन ताटल्या ऑक्टोपस, वर कसाव्याचे वडे आणि उसाचा रस असं सगळं पोटात ढकललं. भीतीनं माणूस किती खाऊ शकतो याचा मला अंदाज नव्हता.

तिथून थेट चार वाजता ताराबच्या गाण्यांना. क्लबाचा जुना हॉल, व्हायोलिनं, मांडीवर घेऊन छेडायचं बहुतारी कानून, ढोलकी, आणि नटूनथटून आलेल्या बायकांनी भरलेल्या खुर्च्या. आम्ही मधल्या रांगेत बसलो. बी मिझे भिंतीशी, हिरव्या दाराशेजारी, आपल्या मैत्रिणींच्या घोळक्यात. तुमच्या वेत्यातही हीच रीत असेल: गाणारीचा नुसता गळा, कडवं मात्र जो त्यावर उठून पुढे जाईल त्याचं. तुम्ही ज्या ओळीला उठता, नोट हातात धरून डुलत डुलत जाता आणि गाणारीच्या हातात ठेवता, ती ओळ तुम्ही बोललात असं धरलं जातं. मग वळून ज्याच्याकडे बोट कराल त्याला ती लागते. याच पायी एकाच जिन्यावर राहणारी दोन घरं सहा वर्षं बोलत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहतो आहे. म्हणून मी ताराबला गेलो की बूड खुर्चीला शिवल्यासारखा बसतो आणि टाळीसुद्धा वाजवत नाही.

पण दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ऑक्टोपस जागा झाला.

तपशील लिहीत नाही, पत्र मामीही वाचतील. एवढंच सांगतो की उठणं भाग होतं आणि तेही त्याच क्षणी. संडासाची किल्ली म्हातारा मूसा सांभाळतो आणि काही दिल्याशिवाय देत नाही, म्हणून मी खिशातली नोट काढून हातात धरली. बाहेर जायची वाट रंगमंचाच्या समोरून. त्या वाटेवर चार बायका डुलत पुढे चालल्या होत्या. ओलांडून जाता येईना, म्हणून मी त्यांच्यामागे चालू लागलो. पोटात कळ आली की आपोआप डुलायला होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या चौघी आपापल्या नोटा देऊन बाजूला झाल्या आणि गाणारीसमोर मी एकटा उरलो. त्या वेळी ती गात काय होती, तर:

दुसऱ्याच्या मडक्यात डोकावणारे बाई,
तुझ्या चुलीवर करपलं काय, ते पाहा की गं आधी!

मामा, हजार ओळी असतात गाण्यांत! समुद्रावर असतात, चंद्रावर असतात, जाईच्या गजऱ्यावर असतात. मला ही मिळाली.

गाणारीनं हात पुढे केला. मी गोंधळून नोट दिली. मग लक्षात आलं की मूसासाठी काही उरलं नाही आणि संडासाकडचं दार कुठलं तेही कळत नाही. म्हणून एक हात पोटावर दाबून मी दुसऱ्या हातानं खुणेनं विचारलं, दार तिकडेच ना? आणि बोट केलं ते हिरव्या दाराकडे. दाराशेजारी कोण बसलं होतं ते तुम्हाला सांगितलंच आहे.

सगळ्या हॉलनं मान वळवली. मग बायकांनी जिभा हलवून अशी किलकारी ठोकली की छतावरची कबुतरं उडाली. गाणारी खूश होऊन तेच कडवं पुन्हा म्हणाली. मग तिसऱ्यांदा म्हणाली. व्हायोलिनवाले उभे राहिले. मला थांबणं शक्यच नव्हतं, मी तसाच वाकत वाकत बी मिझेच्या समोरून दारातून बाहेर पडलो. ते वाकणं कळेचं होतं. लोकांना वाटलं, मी तिला लवून मुजरा केला.

तेव्हापासून मी भीतीनं अर्धा झालो आहे. सोमवारी सकाळी बी मिझे आमच्या खिडकीखालून गेली. अंगावर गुंडाळलेला नवा कोरा कांगा, आणि त्या कापडाच्या काठावर, जणू मला वाचायलाच, छापलेली म्हण: “मी गप्प आहे, झोपलेली नाही.” मी ती झडपेच्या फटीतून वाचली आणि पाणी प्यायलो. मंगळवारी मी मागच्या दारानं दोरा आणायला गेलो आणि मासळीबाजाराला वळसा घालून दुपारी परतलो. बुधवारी तिच्या अंगावर दुसरा कांगा: “शेजारी दिवा लागला की माझ्या अंगणात उजेड.” याचा अर्थ काय, मामा? दिवा म्हणजे आग का? मी तेव्हापासून रॉकेलचा डबा बिछान्याखाली ठेवतो. संध्याकाळी तिच्याकडून झाकण लावलेलं खिरीचं मडकं आलं. मी शिवलो नाही. मांजरानं खाल्लं, ते अजून जिवंत आहे. पण मांजराचं आणि तिचं भांडण कुठे आहे?

सगळ्यांत भीती मला रिझिकीची वाटते. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. उलट गुणगुणते. काल माशाचा मधला तुकडा मला वाढला. आज सकाळी मी सुई ओवत होतो तेव्हा मागे उभी राहून उगाच माझ्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून गेली. एकतीस वर्षांत असं काही झालेलं नाही. ही सरळ निरोपाची भाषा आहे असं मला वाटतं. लग्न मोडलं तर अस्या मला काय म्हणेल या विचारानं झोप लागत नाही. पोरीनं लग्नासाठी मेंदीवालीला कधीच सांगून ठेवलं आहे.

बाकी विशेष काही नाही. तुमची दुवा असू द्यावी. मामींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला भेदरलेला भाचा,
मकामे

ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. तुम्ही घरातले वडील. या शनिवारच्या बोटीनं या, पांढरा पायघोळ कांझू घाला, काठी आणा, आणि बी मिझेच्या ओट्यावर सगळ्या गल्लीला बोलावून शपथेवर सांगा की मकामेच्या मनात कुणाचा अपमान नव्हता, त्याचं पोट बिघडलं होतं. मूसा साक्ष द्यायला तयार आहे. त्या संध्याकाळी किती वेळा किल्ली दिली ते त्याच्या ध्यानात आहे.

ता. क. २ : शनिवारीच या. रविवारी पुन्हा ताराब आहे, रिझिकीनं पुढच्या रांगेतल्या जागा धरल्या आहेत, आणि आता बी मिझेची उठायची पाळी आहे.

ता. क. ३ : मामा, सलाम, पाय धरते. ही मी रिझिकी. पाकीट चिकटवायला पत्र माझ्याकडे आलं म्हणून चार ओळी लिहिते. तुम्ही शनिवारी येऊ नका.

मंगळवारी हे घरात नसताना बी मिझे आली होती. दारात उभी राहून म्हणाली, “चुकले गं मी. चारचौघींत बोलायला नको होतं. पण तुझा नवरा! तो गरीब टोपीवाला! बायकोसाठी भरल्या हॉलमधून एकटा चालत आला आणि माझ्या तोंडासमोर बोट केलंन! माझा गेला, तो कधी माझ्यासाठी खुर्चीतून हलला नाही. अशा बापाची लेक मला घरात हवी.” मग आम्ही दोघी बराच वेळ रडलो. खीर त्या समेटाचीच, आणि बुधवारचा कांगाही त्याचाच.

यांना मी हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर जीव भांड्यात पडून हे तस्से धावत तिच्या घरी जातील आणि तिला ऑक्टोपसची सगळी हकिकत ऐकवतील. लग्न पार पडेपर्यंत भ्यायलेले राहू देत. मूसाला मी गप्प केलं आहे.

त्यांचं पोट बिघडलं होतं हे मला माहीत नसणार का? रात्रभर ओव्याचं पाणी मीच दिलं. पण मामा, गल्लीतल्या बायका आता मला वाट देतात आणि म्हणतात, हिच्यासाठी हिचा नवरा उठला. एकतीस वर्षांत हे ऐकायला मिळालं नव्हतं. लग्नाला नक्की या, मामींना घेऊन या, आणि पोटाचं नाव काढू नका.