पित्ताची पिशवी नव्हती ती

६ जाने., सोम.
ह्यांना दुपारीच कारखान्यातून दोघांनी घरी आणून सोडलं. थंडी वाजून ताप, १०३. टॉवेलच्या युनिटला सुपरवायझर, कधी रजा न घेणारा माणूस. दोन चादरी घातल्या तरी दात वाजत होते. सासूबाई कपाळाला हात लावून कानडीत "ज्वर बंदाव", ताप आलाय, म्हणाल्या नि काढा ठेवला. मी गोळी दिली. "उद्या जातो की कामाला," म्हणे.

७ जाने.
सकाळी मला ओळखलं, पण गौरीला बघून "ही कुणाची?" आमची तीन वर्षांची पोर, तिला खेळ वाटला, हसली. ओठ निळे, धाप. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखाना.
डॉक्टरबाई तरुण. आधी कसलं ऑपरेशन? म्हटलं, सहा वर्षांमागं अक्कलकोट रोडला बाईकवरून पडले, पित्ताची पिशवी काढली.
तिनं शर्ट वर करून खूण बघितली. "पित्ताशयाला एवढा लांब छेद? मधोमध? जुनी फाइल आणा."
फाइलची वाट न बघताच रक्त काढलं, सलाईनमधून औषध सुरू केलं.

८ जाने.
आयसीयू. बाहेरच बसून.
फाइल थोरल्या भाऊजींकडं निघाली. तेव्हा आमच्या लग्नाला चारच महिने झालेले, दवाखान्याचं सगळं त्यांनीच बघितलं होतं, ह्यांना रक्तही दिलं होतं. पित्ताचं काही नव्हतंच. प्लीहा काढलीय. कुणी प्रथम 'पित्ताची पिशवी' म्हटलं देव जाणे, आम्ही सगळे सहा वर्षं तेच म्हणत आलो.
डॉ. म्हणाल्या, प्लीहा रक्तातले जंतू गाळून मारते. ती नसली की न्यूमोकोकस नावाचा जंतू तासातासाला वाढतो. बहुतेकांना न्यूमोनियावर भागतं, ह्यांच्या रक्तात शिरलाय.
कागदाच्या तळाशी इंग्रजीत एक ओळ: लसी घ्या, ताप आला तर लगेच दाखवा.
भाऊजी म्हणाले, "मला वाटलं ताकदीची इंजेक्शनं असतील. पोरगा हिंडाय-फिराय लागला, मग कशाला..." मी त्यांच्यावर ओरडणार होते. पण मी शाळेत क्लार्क, दिवसभर इंग्रजी कागद वाचते. ती फाइल मागितली का कधी?

९ जाने.
जंतू आला कुठून? डॉ. म्हणतात लहान मुलांच्या नाका-घशात असतो, त्यांना काही होत नाही, खोकल्या-शिंकेतून दुसऱ्याला जातो. कुणाकडून आला ते सांगता यायचं नाही.
गौरीला गेल्या आठवड्यात सर्दी होती. घरी गेल्यावर ती धावत आली नि मी उचलून घेताना क्षणभर थांबले. माझी मलाच लाज वाटली.
मग तिचं लसीचं कार्ड काढलं. दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. तीन ठिकाणी 'पीसीव्ही'. ह्याच जंतूची लस! आशाताई दारात येऊन बोलावून न्यायच्या. पोरीला मिळाली, बापाला नाही.
पण मग तिच्याकडून कसा आला असेल? की आलाच नसेल? डॉ.: जंतूचे पुष्कळ प्रकार, लसीत त्यातले मोजकेच. कळलं. म्हणजे, कळलं असं वाटलं.

१२ जाने., रवि.
डोळे उघडले. पहिलं वाक्य, "टॉवेलची गाडी गेली का?" मी रडले, हसले.
जंतूमुळं रक्त पोचलं नाही, डाव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी पडलीत. राहतील की जातील, डॉ. म्हणतात, "वाट बघू." सासूबाईंना अजून सांगितलं नाही.
बाहेर सगळीकडे गड्ड्याच्या जत्रेची तयारी. कुणी विचारलं, यंदा जत्रेला येणार का. काय उत्तर दिलं आठवत नाही.

२४ जाने.
घरी आणलं. बोटांचं अजून ठरत नाही.
लसीचा घोळ. मेडिकलवाला म्हणतो दोन घ्याव्या लागतात, मध्ये दोन महिने. डॉ. म्हणतात नवी मिळाली तर एकीत भागतं, जुनी घेतली तर दुसरी नंतर. शिवाय आणखी दोन जंतूंच्या वेगळ्या. भाऊजींनी विचारलं, "एकदा होऊन गेला की परत न्हाई ना येत? गोवरासारखं?" येतो. आणि लस घेतली तरी शंभर टक्के नाही. मग घ्यायची कशाला, हे म्हणाले. डॉ. शांतपणे: "हेल्मेट घालता ना?"
तापाच्या गोळ्यांशिवाय अँटिबायोटिकही घरात ठेवायचं. ताप आला की पहिला डोस, आणि तसंच दवाखान्यात.

३ फेब्रु., सोम.
नवी मिळाली. घेतली. भाऊजी स्वतः घेऊन गेले, लसीचा कागद मला मराठीत वाचायला लावला. दोनदा.

४ फेब्रु.
सकाळी १००.६. दंड सुजलाय.
काल डॉ. म्हणाल्या, लसीनं थोडा ताप येईल, घाबरू नका. त्याच म्हणाल्या, कुठलाही ताप अंगावर काढू नका. दोन्ही वाक्यं मीच एका पानावर लिहिलीत. आता कुठलं खरं धरू?
डॉ.चा फोन एंगेज.
"सुईचाच हाय गं. रोज काय पळायचं दवाखान्यात?" पण ह्यांची नजर माझ्याकडं नाही, बोटांकडं.
अँटिबायोटिकचा डोस दिला. रिक्षा बोलावलीय. लसीचाच निघाला तर हसतील सगळे, हसू देत. नाही निघाला तर
रिक्षा आली.