कांद्याचा वास

२९ मार्च, सोमवार
धुळवड. आम्हाला काय तिचं. पीपीई किट काढलं तेव्हा बोटं सुरकुतून पांढरी पडलेली, नाकावर मास्कचा वळ. सलीमभाई म्हणतो, "छोटे, रंग नाय खेळला तरी तोंड लाल झालंच की तुझं."
सलीमभाई मालेगावचा. त्याचे लूम बंद पडले, माझी सातपूरची कंपनी. दोघं कोविड वॉर्डात वॉर्डबॉय झालो. घरमालकाने सामान बाहेर काढलं म्हणून हॉस्पिटलने बंद शाळेत सोय केली, दोघांना एक वर्ग. आठवीतून पळालो होतो. झोपायला परत शाळेतच.

१ एप्रिल, गुरुवार
गावचा नाना कांदा घेऊन आला होता मार्केटला. आईने त्याच्या पिकअपमध्ये पिशवी पाठवली. आडगाव नाक्यावर गेलो तर लांबूनच ओरडला, "तिथंच थांब! मी ठेवतो. मागं सरलो की उचल." याच्या खांद्यावर बसून मी वणीची जत्रा बघितली आहे.
पिशवीत घरचा उन्हाळ कांदा. लय बरं वाटलं.
इन्चार्ज सिस्टर म्हणतात, कोरोना झाला की आधी वास जातो. म्हणून रोज सकाळी ड्युटीच्या आधी कांदा बुक्कीने फोडायचा, दोघांनी हुंगायचा. वास आला की निघायचं.
"पास?"
"पास."
सलीमभाई : "शाळेत असं पटकन पास झालो असतो तर आज मास्तर असतो."

४ एप्रिल, रविवार
लिहवत नाय. पण.
एक पेशंट गेला. खाली त्याचा भाऊ वाट बघत होता. आम्ही स्ट्रेचर आणलं तर अंगावरच आला. "तोंड दाखवा! आमचाच माणूस आहे कशावरून?" सलीमभाई मधे पडला. भावाने त्याचं शिल्ड ओढलं, मास्क ओढला, किट गळ्यापासून छातीपर्यंत फाटलं. मग तोच सलीमभाईला धरून रडत बसला. सलीमभाई उघड्या तोंडाने त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.
दुसरं किट नव्हतं. नवा मास्क लावला, फाटलेल्यावर चिकटपट्टी मारली, शिफ्ट पुरी केली.
मी म्हटलं सिस्टरला सांग. "सांगून काय होईल? तू एकटा उचलशील का सगळे पेशंट?"
खरं आहे, पण

७ एप्रिल, बुधवार
आईचा फोन. नानाने पंचायतीत सांगून माझं येणं नक्की केलं. पाडव्याला यायचं, मळ्यातल्या खोलीत राहायचं, गावात पाय ठेवायचा नाय. सिस्टरने तीन दिवसांची रजा दिली. सोमवारी नाना रिकामा पिकअप घेऊन परत जाईल, मी मागे बसायचं.
आई म्हणते, मी लांबूनच बघीन. ती लांबून बघणाऱ्यातली नाय. घरात म्हाताऱ्या आबांना दमा.
सलीमभाईला पण घरी जायचंय, रोजे सुरू होतायत. त्याची लहान पोरगी फोनवर विचारत होती, अब्बू आमच्याबरोबर रोजा सोडणार ना. तो म्हणाला, "पक्का." मग बराच वेळ फळ्याकडे बघत बसला.

९ एप्रिल, शुक्रवार
काल सकाळी सलीमभाईने कांदा हुंगला, म्हणाला पास. पण तोंड जराही वाकडं केलं नाय. एरवी शिव्या घालतो कांद्याला.
आज मी चांगले हात धुतले अन् रिकामी मूठ त्याच्या नाकापुढे धरली. त्याचे डोळे मिटलेले. झोप कुठं झालेली असते.
"पास," म्हणाला.
मूठ उघडून दाखवली.
मग म्हणाला, "छोटे, दोन दिवस कुणाला बोलू नको. घर पोहोचलो की अलग खोलीत बसतो. अम्मीकसम."
"घरात खोली किती?"
"एकच."
मी गेलो अन् सिस्टरला सांगितलं.

१० एप्रिल, शनिवार
पॉझिटिव्ह. आमच्याच वॉर्डात ॲडमिट. व्हीलचेअर मीच ढकलली. बेडवर बसवताना म्हणाला, "तेरा कांदा बहुत पढाकू निकला रे."
हसला का नाय, मास्कमुळे कळलं नाय.
माझा स्वॅब निगेटिव्ह. सिस्टर म्हणाल्या, "तुला काही वाटलं तर लगेच सांग, लपवू नकोस. सोमवारी जायच्या आधी परत बघू." त्यांचेच डोळे लाल.

११ एप्रिल, रविवार
सलीमभाईला ऑक्सिजन लावला. त्याच्या पोरीला व्हिडिओ कॉल मी लावून दिला. ती विचारते, अब्बू कौन से हैं, सगळे सारखेच दिसतात. सलीमभाईने हात हलवला.
वर्गात एकटाच आहे. बॅग भरली. आईसाठी काही घेतलं नाय, कोणतं दुकान उघडं आहे. अंग दुखतंय, पण ते रोजचंच.

१२ एप्रिल, सोमवार
सकाळी आंघोळ केली, कांदा फोडला.
परत फोडला. दुसरा घेतला. पिशवीतले सगळे फोडले. फरशीवर नुसत्या पाकळ्या. पिशवीत तोंड घातलं. डोळ्यांतून पाणी वाहतंय, झोंबतंय. वास नाय.
कांदे जुने झाले असतील. पण चार महिने चाळीत राहतो हा कांदा, त्याला काय होतंय.
साबण हुंगला. सॅनिटायझर हुंगलं.
नानाचा फोन : "आलो रे नाक्यावर. आईनं खोली सारवून ठेवली. निघालास का?"
मी म्हटलं, "हं."
हं म्हणजे काय, ते मलाच माहीत नाय. तीनच दिवस. मळ्यातली खोली. वेगळी आहे खोली, सलीमभाईसारखं नाय माझं. पण भाकरी घेऊन आईच येणार.
बॅग दाराशी. सिस्टरचा नंबर काढून ठेवलाय, लावला नाय.
आत्ता सलीमभाईचा व्हॉइस मेसेज आला. मागे मशीनची टुकटुक, दम लागलेला.
"क्या छोटे... आज का रिझल्ट? पास?"
नानाचे दोन मिसकॉल. हाताला कांद्याचा चिकटा, लिहिताना कागदाला लागतोय.