रेन्स्केची सायकल कुठे बांधायची

बोल्सवर्ड,
२८ मे १९९३

ती. हिंकेताईस,
सीत्सेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. व्हेन्लोला उकाडा आहे म्हणतेस, इथे वारा कान उपटतोय. म्हणजे आमचं सगळं ठीक चाललंय.

सोमवारी मोटारीमागे कॅरॅव्हॅन जोडून टेसल बेटावर निघतोय. रेन्स्केचं खुब्याचं हाड छान जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल सायकल चालवा. पण ऑक्टोबरात कालव्याकाठी ओल्या पानांवरून घसरली, तेव्हापासून तिनं सायकलला हात लावलेला नाही. बाजारात पायी जाते, चर्चला पायी जाते. काल मला बजावलं की, यंदा कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांडीवरच्या स्टँडवर एकच सायकल बांधा, माझी चर्चच्या विक्रीत देऊन टाका. ताई, मला अक्षरशः रडू आलं. आमचं लग्न ठरलं तेसुद्धा सायकलवर! एकदा ती विकली की रेन्स्के पुन्हा कधीच बसायची नाही.

तेव्हा मी युक्ती काढली आहे. निघायच्या सकाळी तिची सायकल गुपचूप कॅरॅव्हॅनमधल्या मागच्या पलंगावर आडवी करतो आणि वर चादर टाकतो. समुद्र दिसला की बाईसाहेबांचं मन वळेल. तू मात्र तिला चकार शब्द कळवू नकोस.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझा,
सीत्से


व्हेन्लो,
३१ मे १९९३

चि. सीत्से यास,
अनेक आशीर्वाद.

पासष्टी उलटली तरी अक्कल यायची ती वाटेतच कुठेतरी थांबलेली दिसते. अरे, मागे ओझं टाकलं की पुढची दांडी हलकी होते आणि गाडी शेपूट हलवायला लागते. बाबांनी गवताच्या गाडीवर हे तुला किती वेळा शिकवलं! त्यात तुम्ही जाणार समुद्रातल्या त्या लांबलचक बांधावरून, आडव्या वाऱ्यात. हे पत्र घरी पोचेपर्यंत तुम्ही निघालेले असाल, म्हणून बेटावरच्या तुमच्या नेहमीच्या तळाच्या पत्त्यावर टाकते आहे. निदान परतताना तरी शहाणपणा कर.

आणि बायकोच्या मनात काय आहे ते चादरीखाली सायकल लपवून कळत नाही, विचारून कळतं. रेन्स्केला माझ्या वतीनं जवळ घे. खुशालीचं चार ओळींचं पत्र टाक, नाहीतर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.
तुझी,
हिंकेताई


द कोख, टेसल,
३ जून १९९३

ती. वन्सं,
शि. सा. न.

तुमचं पत्र मी फोडलं, तेही यांच्या देखत. आम्ही सुखरूप आहोत, हे आधी सांगते.

दरवर्षीप्रमाणे आदल्या संध्याकाळी मी दांडीचं टोक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवून वजन पाहिलं होतं. अगदी बरोबर होतं. तुमच्या बंधुराजांनी सकाळी त्यावर पाणी ओतलं! बांधाच्या मध्यावर वारा आडवा आला आणि कॅरॅव्हॅन अशी झुलू लागली की माझा जीव टांगणीला लागला. मी यांना म्हटलं, ब्रेक दाबू नका, नुसता पाय उचला, चाक सरळ धरा. हळूहळू सावरलं. यांचा चेहरा पांढराफटक.

थांब्यावर दार उघडलं तर चादरीतून माझ्या सायकलचं हँडल डोकावतंय. मग जो तोंडाचा पट्टा सोडला म्हणता! हे खाली मान घालून म्हणाले की, हवं तर मला समुद्रात ढकल, पण ती विकायला सांगू नकोस. मी स्वतः ती पुढच्या स्टँडवर यांच्या सायकलशेजारी आवळून बांधली. पुढचा भार फार होऊ नये म्हणून घरून आणलेले बटाटे पुढच्या पेटीतून काढून चाकांच्या वर ठेवले. वजनकाटा सोबत घेतला होताच, त्यावर पुन्हा वजन पाहिलं. सायकल बांधली ती गाडी सरळ चालावी म्हणून, मी बसावं म्हणून नव्हे, हेही यांना बजावलं.

तुम्हाला म्हणून सांगते वन्सं, मला भीती वाटते. पडण्याची तेवढी नाही, पण पुन्हा महिनोन्महिने अंथरुणाला खिळण्याची फार. हे मी यांना सांगितलेलं नाही.

तुमची,
रेन्स्के


द कोख, टेसल,
१२ जून १९९३

ती. वन्सं,
शि. सा. न.

आज यांच्याआधी मीच लिहायला बसले. रोज सकाळी हे सायकलवरून पाव आणायला जातात. परवा मी वाळूच्या टेकाडावर उभी राहून पाहिलं. रस्ता सगळा मोकळा, पण नियमाप्रमाणे उजवीकडून जायचं सोडून हे आपले डावी कड धरून चाललेले. समोरून येणारे घंटा वाजवत होते. एका बाईनं तर, आजोबा, झोपलात का, असं खडसावलं. यांनी टोपी उचलून माफी मागितली, उजवीकडे झाले आणि ती पुढे जाताच पुन्हा डावीकडे.

मला आधी हसू आलं, मग एकदम उमगलं. लग्नापासून मी यांच्या उजव्या हाताला सायकल चालवत आले. गाड्या, वारा, पोरांची धावपळ सगळी यांच्या अंगावर. हे अजून उजवीकडे माझ्यासाठी जागा सोडून चालले होते, आणि त्यापायी लोकांच्या शिव्या खात होते.

काल मात्र यांना सगळं सांगितलं, भीतीचंही. हे सल्ला न देता नुसते माझा हात धरून बसले. आज हे निघाल्यावर मी माझी सायकल काढली. दोनदा पाय टेकला, एकदा तर परतच फिरणार होते. वळणाशी यांना गाठलं आणि उजवीकडून शेजारी आले. यांनी फक्त वेग कमी केला. पण डोळे पुसताना यांचा तोल गेला आणि मलाच ओरडावं लागलं, हँडल धरा म्हणून!

बेकरी मागे पडली तरी आम्ही थांबलो नाही, थेट किनाऱ्यापर्यंत गेलो. आज आमच्याकडे पाव नाही.

तुमचा आशीर्वाद आमच्या दोघांच्या पाठीशी असाच राहू द्यावा.
तुमची,
रेन्स्के