दुर्गीचा नंदी

२७ ऑगस्ट, मंगळवार
आज कुडव्यात राहायला आले. नागपूर सोडताना रडू येईल वाटलं होतं, पण सकाळपासून मजाच चालली आहे. गोंदियाच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. स्कूटीवर दहा मिनिटांचा रस्ता. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात एक शेळी. घरमालकीण निर्मलाबाई एकट्याच. त्यांचे भाऊ श्यामलालकाका सुतार, पडवीत काम करतात. तान्हा पोळा आठवड्यावर आलाय, त्यामुळे पडवीभर पोरांचे लाकडी नंदी. कुणाचं चाक निखळलंय, कुणाला रंग हवाय.

त्यांत माझा नंदी सापडला! पोटाखाली कोरलेलं ‘दुर्गी’, माझं लहानपणीचं नाव, माझंच वेडंवाकडं अक्षर. तिरोड्याचं घर सोडताना बाबांनी तो कुणाला तरी देऊन टाकला होता. काका म्हणाले, चार वर्षांपूर्वी कोणी दुरुस्तीला टाकून गेलं, न्यायला आलंच नाही. ‘माझा आहे, माझा आहे’ करत मी अंगणभर नाचले.

२८ ऑगस्ट
नंदी टेबलावर ठेवलाय. काय काय आठवलं! शिंगांना बेगड, गळ्यात झेंडू, आणि दोरीने ओढत घरोघरी बोजारा मागायचा. लोक ओंजळभर खाऊ द्यायचे. मी त्याच्याशी खऱ्या बैलासारखी वागायचे. चाक अडलं की काठीने मारायचे. वेसण हवी म्हणून एकदा चुलीत खिळा लाल केला आणि त्याच्या नाकातून आरपार घातला. आईला म्हणाले, तो ओरडला. आई हसली. मी तेव्हा सात वर्षांची.
भोक अजून काळं आहे.

३० ऑगस्ट
दुपारी आले तर शेळी मेलेली. पोट फाटून आतडी मातीत. कुत्र्यांनी केलं असेल, मी म्हटलं. काकांनी तिचं तोंड वर करून दाखवलं. नाकातून खिळा आरपार. भोवतीचे केस जळलेले.
“कुत्रा खिळा तापवते का, बाई?”
नंदी टेबलावर नव्हता. खाटेखाली मिळाला. शिंगं ओली, लाल. धुतली.

१ सप्टेंबर, रविवार
आज दोघांना सगळं सांगितलं. लपवून झोप लागत नव्हती. काका कुऱ्हाड घेऊन आले. भर उन्हात, अंगणात. पहिल्या घावाला लाकडातून हंबरडा निघाला. दुसरा घाव पडलाच नाही. नंदी उसळला. काका मागे पडले आणि तो त्यांच्या पोटात शिरला, पुन्हा पुन्हा, चाकं गरगर फिरत होती. मी ओढायला गेले तर तळहात फाटला. मग तो आपोआप थांबला, नुसतं लाकूड. दवाखान्यात नेईपर्यंत काका संपले होते.

२ सप्टेंबर, पोळा
काकांना पोचवून आले लोक. पोलिसांना काय सांगणार.
निर्मलाबाई रडल्या नाहीत. नंदीला धुतलं, तेल चोळलं. मग मला विचारलं, “काऊन मारत होती त्याले?”
लहान होते, मी म्हटलं.
“त्याले का माहीत?”

३ सप्टेंबर, तान्हा पोळा
बॅग भरली. दाराला बाहेरून कडी — निर्मलाबाईंनी घातली, नंदीला आत सोडून. मोबाईल त्यांच्याकडे. खिडकीतून म्हणाल्या, “चार वर्षं गप होता. तूच म्हटलं, माझा हाय. मंग राहा त्याच्यासंग.” आणि निघून गेल्या.

खाटेवर चढले. तो खाली फिरतोय.

मांडी फाटली — चादर बांधली — किंचाळले, पण रस्त्यावर ढोलताशा —

हात जोडले. चुकलं म्हटलं. शेळीचा काय गुन्हा, काकांचा काय गुन्हा, असंही म्हटलं. थांबला. माझ्याकडे बघतोय.

दाराशी कोणीतरी. शेजारची टीना, पाच वर्षांची. तिचा नंदी काकांकडे होता, इथे आत असेल समजून न्यायला आली. कडीशी खुडबूड करतेय. ओरडले, काढू नको, पळ. तिला खेळ वाटतोय. हसतेय.

तो दाराकडे वळला —

उडी मारली. पोटाशी आवळून धरलाय त्याला. शिंग आत — उजवा हात सोडला तर सुटेल, डाव्याने लिहिते —
टीना, आईकडे जा — घरी जा, बाळ —
कडी वाजली —
सोडणार नाही — मी सोडणार ना